अण्णा पॉलिक्लिनिकच्या दारात परत जायला तयार नाहीत, काय करू?

पत्र आलंय पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावातून, एका मुलीचं. लांबलचक होतं, मी जरा कमी करून देते.

"ताई, माझे वडील तोफखान्यातून 2005 ला हवालदार म्हणून रिटायर झाले, आता 62 वर्षांचे आहेत. कारगिलला होते. गावात सगळे त्यांना मेजर म्हणतात, आम्ही अण्णा. शुगर आहे, बीपी आहे, गुडघे गेलेत. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड आहे, पण त्यांचा दवाखाना, पॉलिक्लिनिक, आमच्यापासून 60 किलोमीटर. गेल्या वर्षी सकाळी पाचच्या एसटीने गेले, टोकन घेऊन बसले, नंबर पुकारला तो त्यांना ऐकू गेला नाही, परत मागे बसवलं, खिडकीवरचं कुणीतरी सगळ्यांसमोर बहिरे आहात का म्हणालं. दुपारी दोनला नंबर लागला आणि चारपैकी दोनच गोळ्या मिळाल्या. त्यानंतर ते गेलेच नाहीत, गोळ्या आम्ही मेडिकलमधून आणतो. चार महिन्यांपूर्वी रात्री छातीत कळ आली म्हणून जवळच्या प्रायव्हेट हॉस्पिटलला नेलं, काउंटरवर म्हणाले आमच्याकडे ईसीएचएस सध्या बंद आहे, 50 हजार डिपॉझिट भरा. भरले. एकूण 1 लाख 86 हजार झाले, अर्धे उसने आणलेत. पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं हे कुणालाच सुचलं नाही. आता अण्णा म्हणतात मी त्या दारात परत पाय ठेवणार नाही. रात्री दोन-अडीचला उठून पडवीत बसतात, विचारलं तर म्हणतात झोप नाही लागत. भाऊ म्हणतो सरकारी योजनेचा नाद सोडा, प्रायव्हेट मेडिक्लेम काढू. मी काय करू? उजव्या कानाने त्यांना जरा बरं ऐकू येतं, त्या बाजूने मी किती समजावलं, पण ऐकत नाहीत."

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या 1 लाख 86 हजारांवर नजर अडकली, दुसऱ्यांदा मेडिक्लेमवर, आणि तिसऱ्यांदा वाचताना ती टोकनची ओळ दिसली जी तू येता-जाता लिहून टाकलीयस, आणि मग वाटलं सगळं तिथेच आहे गं. तुझे अण्णा दोन गोळ्या मिळाल्या नाहीत म्हणून रुसलेले नाहीत. फौजेतला माणूस दोन गोळ्यांसाठी रुसत नाही, त्याने कमी रेशनवर दिवस काढलेले असतात. चारचौघात, आपल्याच फौजी माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये त्यांना कुणीतरी बहिरं म्हटलं, आणि ते खरं आहे हे त्यांना स्वतःला माहितीये. ते लागलंय.

आणि कान का गेले असतील हे तरी बघ. कारगिलच्या त्या अडीच महिन्यांत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेट सोडले होते, आणि प्रत्येक तोफेच्या शेजारी माणसं उभी होती. बोफोर्स तोफेचा आवाज टीव्हीवर ऐकणं वेगळं आणि तिच्या बाजूला उभं राहून दिवसरात्र गोळे भरणं वेगळं. त्याआधीचं आणि नंतरचं फायरिंग रेंजवरचं आयुष्य धरलं तर 22 वर्षं झाली. एवढ्या मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या ज्या बारीक पेशी मरतात त्या परत येत नाहीत, म्हणून हे औषधाने बरं होत नाही. आणि अशा माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही, कारण आधी जातात ते बारीक आवाज, स, श, त, क असले. वर पंखा घरघरतोय, पन्नास माणसं बोलतायत, आणि लांबून कुणीतरी सत्तेचाळीस म्हणून ओरडलं, तर अण्णांना तो नुसता गोंगाटच ऐकू येणार. मोठ्याने ओरडूनही उपयोग होत नाही. समोर येऊन, तोंडाकडे बघता येईल असं, सावकाश बोललं तर कळतं. घरात पण हे करून बघ, कदाचित निम्मी भांडणं कमी होतील.

मी स्वतः फौजीची बायको आहे, आमचे हे मराठा बटालियनमधून नाईक म्हणून आले, म्हणून तो हॉल मला माहितीये. बाकांवर सगळे कसे बसलेले असतात बघ कधीतरी, सत्तरीची माणसं, कंबर गेलेली, तरी पाठ ताठ. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात फाइल, फाइलला रबर लावलेलं, कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात. कुणी भांडत नाही. एकदा आमच्या ह्यांना पाच औषधं लिहून दिली होती, खिडकीवर तीन मिळाली, हे "ठीक है साब" म्हणाले आणि बाहेर आले. मी विचारलं बाकीची दोन? म्हणे नाहीयेत. मग त्या चिठ्ठीवर एनएचा, म्हणजे औषध उपलब्ध नाही असा, शिक्का मारून घेतलात का? तर म्हणे कशाला त्यांना त्रास. मी परत आत गेले, शिक्का मारून मागितला, आतल्या मुलाने काही न बोलता मारून दिला, दोन मिनिटांचं काम. पण आमच्या ह्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की जसं मी लाइन तोडली. आयुष्यभर ज्यांना शिकवलंय की वरून जे मिळेल ते घ्यायचं, तक्रार करायची नाही, दुखतंय म्हणून सांगितलं तर सिक रिपोर्टला पळणारा म्हणून नाव खराब होतं, ती माणसं साठीनंतर अचानक काउंटरवर हक्काने बोलतील असं कसं होईल? म्हणून सांगते, त्यांच्यासोबत कुणीतरी लागतं. फौजेत प्रत्येकाला एक बडी असतो ना, जोडीदार, जो आपल्याला कव्हर देतो, तसा इथे पण लागतो. अण्णांचा बडी तू हो. तू त्यांना समजावून एकटं पाठवायच्या मागे लागलीयस, ते सोड, तूच बरोबर जा.

आता भावाच्या मेडिक्लेमचं आधी संपवते कारण त्यात घाईत चूक होईल. 62 वर्षं वय, शुगर, बीपी, आणि आता छातीची भानगड, अशा माणसाला नवीन पॉलिसी मिळालीच तर हप्ता भरमसाट येणार, आणि आधीपासून असलेल्या आजारांना कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकते, म्हणजे ज्यासाठी काढायची तेच सुरुवातीला बाहेर. ईसीएचएसमध्ये वयाची अट नाही, आधीच्या आजाराची अट नाही, खर्चाला वरची मर्यादा नाही, आणि आई पण त्यातच आहे, देव न करो पण उद्या अण्णांचं काही झालं तरी फॅमिली पेन्शनवर आईचं ईसीएचएस चालू राहतं. भावाला ऐपत असेल आणि जोडीला काढायची असेल तर काढू दे, पण हे सोडून ते, असं अजिबात करू नका.

आणि हे फुकट आहे हा शब्द घरातून काढून टाका. ही योजना 1 एप्रिल 2003 ला सुरू झाली, त्यानंतर जो पेन्शनवर आला त्याला त्यात यावंच लागलं आणि त्याच्याकडून वर्गणी कापून घेतली गेली. नावातच कॉन्ट्रिब्युटरी, म्हणजे वर्गणीची, असं आहे. आज जो जवान हवालदारापर्यंतच्या रँकने घरी येतो त्याचे एकदाच 30 हजार घेतात, सुभेदार मंडळींचे 67 हजार, अधिकाऱ्यांचे 1 लाख 20 हजार. अण्णांचे पण 2005 ला त्या वेळच्या हिशोबाने गेलेत. हे त्यांना सांग, फौजी माणसाला भीक घेतोय असं वाटलं की तो उठून जातो, पण आपला पैसा भरलाय, आपली सर्व्हिस भरलीय म्हटलं की बसतो.

आता ते 1 लाख 86 हजार. पैसे गेले असं धरून बसू नकोस, पण सगळे परत येतील असंही धरू नकोस. दोन शक्यता आहेत. त्या रात्री ते हॉस्पिटल खरंच ईसीएचएसच्या यादीत होतं का नव्हतं, हे तुला पॉलिक्लिनिकमधून तारखेसकट काढून घ्यायचंय. जर यादीत होतं आणि तरी बंद आहे म्हणून डिपॉझिट घेतलं, तर ते चुकीचं केलं त्यांनी, यादीतल्या हॉस्पिटलने इमर्जन्सीत कार्डवाल्या माणसाला रेफरलशिवाय घ्यायचं असतं, पैसे मागायचे नसतात आणि पॉलिक्लिनिकला 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं कामही हॉस्पिटलचंच असतं. मग लेखी तक्रार करायची, पॉलिक्लिनिकचे ऑफिसर इंचार्ज असतात, ज्यांना सगळे ओआयसी म्हणतात, त्यांच्याकडे आणि त्याची कॉपी रिजनल सेंटरला, आपल्याकडे पुणे, मुंबई, नागपूरला रिजनल सेंटर आहेत. आणि जर यादीत नव्हतं, करार संपला होता, तर मग ते बाहेरच्या हॉस्पिटलमधली इमर्जन्सी म्हणून धरलं जातं. त्याचा नियम असा की आधी पैसे आपण भरायचे, 48 तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं, आणि नंतर बिलं लावायची, त्यातले सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या, दराने जेवढे बसतील तेवढे परत मिळतात. तुमचं कळवायचं राहिलं आणि उशीरही झालाय. तरी अर्ज कर, घरात कुणाला माहिती नव्हतं, पेशंट आयसीयूत होता, मुलगी एकटी धावत होती, जे खरं घडलं ते साध्या भाषेत लिही आणि उशीर माफ करावा अशी विनंती कर, असे अर्ज वरपर्यंत जातात आणि काही मंजूर होतात. डिस्चार्ज समरी, सगळी मूळ बिलं, औषधांच्या पावत्या, रिपोर्ट आणि इमर्जन्सी होती असं त्या डॉक्टरांच्या सहीचं पत्र. हे शेवटचं पत्र आधी मिळव, हॉस्पिटलवाले चार महिन्यांनी टाळाटाळ करतात, वर्षाने तर ओळखच दाखवणार नाहीत. आणि दे त्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेव, पोच घे, तारखेसकट.

हॉस्पिटलं अशी का वागतात हे पण थोडं सांगते, त्यांना माफ कर म्हणून नाही, पण तुला लढायचंय कुणाशी ते कळावं म्हणून. दर ठरलेले, बाजारापेक्षा कमी, आणि बिलं सरकारकडून महिनोन्महिने अडकतात. मग ती कधी यादीतून बाहेर पडतात, तर कधी यादीत राहून काउंटरवर बंद आहे म्हणतात. मधे चिरडला जातो तो स्ट्रेचरवरचा माणूस. माझं स्पष्ट मत आहे, ज्याने देशासाठी सर्व्हिस केली त्याचं बिल वेळेवर जाणं हे झेंडावंदनाच्या भाषणांपेक्षा फार मोठं काम आहे आणि ते अजून धड होत नाहीये. पॉलिक्लिनिकमधले डॉक्टर, नर्स, क्लार्क हे बहुतेक कॉन्ट्रॅक्टवरचे असतात, एकेका डॉक्टरसमोर रोजची रांग दारापर्यंत, त्यातले कितीतरी जण फार माणुसकीने वागतात, मी बघितलंय, एका एमओ, म्हणजे मेडिकल ऑफिसर, बाईंनी आमच्या ह्यांचे बूट स्वतः उतरवून पायाची जखम बघितली होती, शुगरवाल्याचा पाय बघायलाच पाहिजे म्हणाल्या. तेव्हा सगळं खातं वाईट असं मनात धरून जाऊ नकोस. तो एक माणूस चुकीचं बोलला, आणि ते बोलणं पण ओआयसींच्या कानावर घालायचंय, शांतपणे, पण घालायचंय. टोकन नुसतं ओरडून पुकारण्यापेक्षा नंबरचा बोर्ड लावा अशी लेखी सूचना दे. त्या हॉलमध्ये तोफखान्यातले, टँकमधले, इंजिनरूममध्ये आयुष्य गेलेले कितीजण बसतात, अण्णा एकटेच आहेत का?

गोळ्यांचं सोपं आहे. औषध नसेल तर चिठ्ठीवर एनएचा शिक्का आणि तारीख मागायची, मग पॉलिक्लिनिक ते औषध ठरवून दिलेल्या केमिस्टकडून मागवून देतं, नाहीतर आपण बाहेरून घेऊन बिल लावता येतं. साधी चिठ्ठी आणि साधी पावती असेल तर काही नाही मिळत, शिक्का हवा, पावतीवर अण्णांचं नाव हवं, औषधाचं नाव तेच हवं जे डॉक्टरांनी लिहिलंय. वर्षभर तुम्ही मेडिकलमधून स्वतः आणलेल्या गोळ्यांचे पैसे मात्र गेले, त्यामागे लागू नकोस, वेळ वाया जाईल.

आता कानाचं, आणि माझ्या मते खरी सुरुवात इथूनच करायची. श्रवणयंत्र ईसीएचएसमध्ये मिळतं, हे खूप घरांत माहितीच नसतं. एमओंना सांगायचं, ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं रेफरल देतात, तिथे ऑडिओग्राम होतो, म्हणजे बंद खोलीत हेडफोन लावून कुठला आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख काढतात, त्यावरून डॉक्टर कुठलं यंत्र ते लिहून देतात आणि मंजुरी घेऊन ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्याचे पैसे मिळतात. आधी मंजुरी, मग खरेदी, हा क्रम उलटा करू नका, दुकानदार घाई करतात, आज ऑफर आहे वगैरे. आणि यंत्र लावल्यावर पहिले काही आठवडे अण्णा चिडणार, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणणार, काढून कपाटात ठेवणार. मेंदूला इतक्या वर्षांनी ते आवाज परत ओळखायला वेळ लागतो. रोज तासभर, मग दोन तास, शांत घरात, तुझ्या आईशी बोलताना. लगेच लग्नाच्या हॉलमध्ये घेऊन जाऊ नका.

फौजेत मेडिकल कॅटेगरी कशी लिहितात, शेप-वन, शेप-टू, हे तू लहानपणापासून ऐकलं असशील. त्यातला एच म्हणजे ऐकणं. अण्णांना विचार, अण्णा, तुमचा एच आता कितीवर आलाय ते बघून येऊया का? बहिरे झालात चला कान दाखवू, असं म्हणू नकोस. त्यांच्याच भाषेत विचार. हा फरक बारीक वाटतो पण माणूस उठून शर्ट घालतो का कुशीवर वळतो ते त्याच्यावर ठरतं. एक काम अजून कर, ट्रंकेत त्यांचे रिटायरमेंटचे कागद असतील, डिस्चार्ज बुक आणि रिलीज मेडिकल बोर्डाचा कागद, त्यात कानाचं काही लिहिलंय का बघ. लिहिलेलं असेल तर डिसेबिलिटी पेन्शनचं विचारायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते रेकॉर्ड ऑफिसला पत्र कसं लिहायचं सांगतील, तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला आहे. काही लिहिलेलं नसेल तर ते काम अवघड आहे, त्याची आशा अण्णांना आत्ताच दाखवू नकोस. आणि दहा हजार द्या पेन्शन करून देतो म्हणणारे गावोगाव फिरतात, त्यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस.

शेपमधलं पहिलं अक्षर एस. तो मनाचा. मनाचा नंबर फौजेने सगळ्यात आधी ठेवलाय आणि घरी आल्यावर आपण त्याचं नावच काढत नाही. रात्री दोनला उठून पडवीत बसणं, यामागे काय आहे ते मला इथे बसून सांगता येणार नाही. असंही असू शकतं की ज्यांचे कान आवाजाने गेलेत त्यांच्या कानात सतत शिट्टी वाजते, दिवसा गलक्यात कळत नाही आणि रात्री सगळं शांत झालं की तीच मोठी होते, झोपू देत नाही. कित्येक फौजी हे बायकोला पण सांगत नाहीत. शुगरमुळे लघवीला उठणं असू शकतं. उसन्या पैशांची काळजी असू शकते. आणि कारगिल युद्धातल्या द्रासच्या त्या रात्री पण असू शकतात. म्हणून एमओंना हे सांगायचंच, आणि अण्णा सांगणार नाहीत, तू सांग, त्यांच्यासमोर, पाठीमागे नाही. मानसोपचार तज्ज्ञांचं रेफरल पण ईसीएचएसमध्ये होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ते नकोच म्हणाले तर टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा फोन आहे, 14416, फुकट आणि कुठल्याही वेळी, आणि फौजेतल्या लोकांसाठी म्हणून पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, डिसेंबर 2023 मध्ये याचा वेगळा कक्ष सुरू झालाय. सुरुवातीला तूच लाव, घरात काय चाललंय सांग, अण्णांना फोन द्यायची घाई नको. रात्री त्यांच्याशेजारी जाऊन बसलीस तर मात्र काही विचारू नकोस, नुसती बस, पाणी ने. मधेच कधी ते म्हणतील कानात वाजतंय, किंवा एखाद्या साथीदाराचं नाव घेतील, त्या वेळी ऐकायचं.

आणि 60 किलोमीटर दरवेळी जायचं नसतं हे पण लक्षात ठेव. सेहत ओपीडी म्हणून फौजी आणि माजी सैनिकांसाठी ऑनलाइन डॉक्टर आहेत, मे 2021 मध्ये, कोविडच्या काळात सुरू झालं ते. मोबाइलवर व्हिडिओ कॉलने बोलता येतं. छातीत दुखलं तर त्यावर अवलंबून राहायचं नाही, पण शुगरचा रिपोर्ट दाखवायला, एक प्रश्न विचारायला बरं पडतं. अण्णांना तिथे ऐकायचं असेल तर हेडफोन लावून दे, बऱ्याचदा हेडफोनवर त्यांना समोरच्या माणसापेक्षा स्वच्छ ऐकू येतं.

त्या रात्रीसारखी रात्र परत आली तर काय, याची तयारी या रविवारीच करून ठेव. दोघांची कार्डं, आधार, पेन्शनच्या आदेशाचा कागद (पीपीओ), चालू गोळ्यांची यादी मोठ्या अक्षरात, छातीचे जुने रिपोर्ट, सगळं एका पिशवीत आणि ती पिशवी दाराच्या मागच्या खुंटीला, कपाटात नाही, कपाटाची किल्ली नेमकी त्याच वेळी सापडत नाही. कार्डांचे फोटो तुझ्या, भावाच्या आणि शेजारच्या एका भरवशाच्या मुलाच्या मोबाइलमध्ये. कार्ड जुन्या पद्धतीचं असेल तर नवीन 64 केबीचं झालंय का तपास, आईचं वेगळं असतं, ते नेहमी राहून जातं. तुमच्या घरापासून सगळ्यात जवळची दोन हॉस्पिटलं कुठली जी आत्ता यादीत आहेत, हे पॉलिक्लिनिकमधून लिहून आण आणि दर तीन-चार महिन्यांनी फोन करून विचार, कारण यादी बदलते, तुम्ही त्या रात्री त्याच्यातच फसलात. ओआयसींचा आणि पॉलिक्लिनिकचा नंबर त्या पिशवीवरच मार्करने लिही. उद्या परत कुणी काउंटरवर बंद आहे म्हणालं तर भांडत बसू नका, आधी पेशंटला आत घ्या म्हणा, पैसे भरावे लागले तर भरा, पण ईसीएचएस घेत नाही असं कागदावर लिहून द्या म्हणा, लिहून देत नसतील तर तारीख, वेळ आणि काउंटरवरच्या माणसाचं नाव वहीत लिहा आणि सकाळ व्हायच्या आत पॉलिक्लिनिकला मेसेज आणि ईमेल टाका, 48 तास म्हणजे आरामात दोन दिवस आहेत असं समजू नका, आयसीयूच्या बाहेर दोन दिवस कुठे जातात कळत नाही. आणि हे सगळं करून महिनोन्महिने कुणी उत्तरच दिलं नाही तर केंद्र सरकारचं तक्रारीचं पोर्टल आहे, सीपीजीआरएएमएस नावाचं, तिथे मराठी-हिंदीत पण लिहिता येतं, तक्रारीचा नंबर मिळतो आणि कुणाला तरी उत्तर द्यावंच लागतं.

अण्णांना नेणार कसं हा प्रश्न राहिलाच. मला वाटतं त्यांना एकटं आणि त्याच खिडकीवर परत नेऊ नकोस. गावात अजून दोन-तीन मेजर असतीलच, तुमच्या भागात कुठल्या गावात नसतात, त्यांच्यातल्या एखाद्याला पण पॉलिक्लिनिकला जायचंच असेल, जीप किंवा गाडी मिळून करा, सगळे बरोबर निघा. फौजी माणूस टोळीत असला की चालतो. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी गर्दी दुप्पट. आदल्या दिवशी फोन करून कुठले डॉक्टर आहेत विचारा. तिथे पोचल्यावर आधी तू ओआयसींना भेट, ते बहुतेक रिटायर्ड अधिकारीच असतात, त्यांना सांग की सर, हवालदार आहेत, तोफखाना, कारगिल, कानाने कमी ऐकू येतं, नंबर पुकारला की मी घेऊन येते. एवढं एक वाक्य. टोकन तू तुझ्या हातात ठेव. अण्णांनी फक्त बसायचं आणि ओळखीच्या रेजिमेंटचं कुणी भेटलं तर गप्पा मारायच्या.

आणि बसताना त्यांच्या उजव्या बाजूला बस.